कर्ज मिळतं हो, पण बसायला जागा?



कधी चेन्नईला आलात आणि लोकलने बीच स्टेशनवर उतरलात, तर समोरचा रस्ता जपून ओलांडा. राजाजी सालैच्या कडेने टपरीएवढ्या दुकानांची लांबच लांब रांग दिसेल. मोबाईलची कव्हरं, परफ्यूम, घड्याळं, चार्जर, खेळणी, काय म्हणाल ते. हा बर्मा बाजार. मागच्या गल्लीत संध्याकाळी 'अत्तो' मिळतो. म्हणजे पिवळ्या नूडल्स, कोबी, तळलेला कांदा, चिंचेचं पाणी, सगळं हाताने कालवून दिलेलं. सोबत केळीच्या खोडाचं गरम सूप. चेन्नईत येऊन नुसती इडली खाऊन गेलात तर मी रागवेन, आधीच सांगते.

पण आज खाण्याबद्दल लिहायचं नाहीये. हा बाजार तिथे आलाच कसा, ते सांगायचंय.

ब्रह्मदेशात पिढ्यान् पिढ्या व्यापार करणारी हजारो तमिळ कुटुंबं होती. १९६२ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. मग दुकानं, व्यवसाय सरकारजमा व्हायला लागले. ही माणसं जहाजात बसून मद्रासला परत आली. परत कसली, कित्येकांनी मद्रास आधी पाहिलंही नव्हतं! त्यांना पोटापाण्याला लावायचं कसं? सरकारने १९६९ मध्ये बंदराजवळ, रस्त्याच्या कडेला त्यांना दुकानांसाठी जागा दिली. तीही गावाबाहेरच्या एखाद्या माळावर नाही. स्टेशन समोर, बंदर शेजारी, हायकोर्ट आणि पॅरीज कॉर्नर हाकेच्या अंतरावर. रोज हजारो माणसं जिथून चालत जातात, नेमकी ती जागा.

पुढे हा बाजार परदेशी मालासाठी प्रसिद्ध झाला आणि मग अर्थातच चोरट्या मालासाठी बदनामही झाला. धाडी पडल्या. ज्या सरकारने बसवलं त्याच सरकारची माणसं झडती घ्यायला यायची. नंतर परदेशी वस्तू सगळीकडेच मिळायला लागल्या आणि बाजाराची जुनी ऐट गेली. तरी बाजार आहे. पन्नास वर्षांहून जास्त झाली, अजून आहे.

छोट्या धंद्याला सरकार मदत कशी करतं आणि नियमात कसं बांधतं, हा आजचा विषय. त्यावर वाचताना मला हा बर्मा बाजार सारखा आठवत होता. कारण कर्ज, सबसिडी, प्रशिक्षण, पोर्टल या सगळ्याच्या यादीत एक गोष्ट फार कमी वेळा दिसते. ती म्हणजे जागा. आणि रस्त्यावर विकणाऱ्या माणसाला विचाराल तर त्याच्या यादीत ती पहिली असते.

आता चला टी. नगरला. तुमच्यापैकी कोणी चेन्नईत साडी घ्यायला आला असाल तर टी. नगरला नक्की गेला असाल. तिथला पांडी बाजार. (मला इथे येऊन वर्ष होईपर्यंत वाटायचं की पाँडिचेरीचा माल मिळतो म्हणून हे नाव. तसं नाही. सौंदरपांडियन नावाचे एक मोठे पुढारी होते, त्यांच्या नावावरून हा 'सौंदरपांडियनार अंगाडी'. लोकांनी शेपूट तेवढं ठेवलं.) या रस्त्याच्या फुटपाथवर कानातली, क्लिपा, ब्लाउजपीस, चपला, प्लास्टिकचे डबे असं सगळं विकणारे विक्रेते वर्षानुवर्षं बसायचे. बायका दुकानात साडी घ्यायच्या आणि बाहेर फुटपाथवर तिला मॅचिंग बांगड्या. दादरला किंवा पुण्यात तुळशीबागेत आपण हेच करतो की!

महापालिकेने या विक्रेत्यांसाठी त्याच भागात एक बहुमजली इमारत बांधली. छोटे छोटे गाळे. डोक्यावर छप्पर, ऊन नाही, पाऊस नाही, पोलिसाची शिट्टी नाही. २०१३ मध्ये कोर्टाच्या आदेशानंतर सहाशेच्या आसपास विक्रेत्यांना फुटपाथवरून उठवून आत नेलं. कागदावर बघा, किती छान! मोफत हाकलून दिलं नाही, पर्याय दिला, तोही त्याच बाजारात.

विक्रेत्यांची तक्रार लगेच सुरू झाली: गिऱ्हाईक येत नाही. आणि मंडळी, आपण गिऱ्हाईक म्हणून विचार करा. वीस रुपयांच्या क्लिपेसाठी तुम्ही मुद्दाम इमारतीत शिराल? जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जाल? क्लिप घ्यायची असं ठरवून कोण घराबाहेर पडतं! ती चालता चालता दिसते, मुलगी हट्ट करते, आपण थांबतो. रस्त्यावरच्या विक्रेत्याचा सगळा धंदा या थांबण्यावर आहे. त्याला छप्पर दिलं आणि चालणारी माणसं काढून घेतली, तर त्याच्याकडे छप्परच उरतं.

त्या रस्त्यावर नंतर रुंद, गुळगुळीत फुटपाथ बांधले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पांडी बाजारचा 'पादचारी प्लाझा' सुरू झाला. बसायला बाक, मुलांना खेळायला जागा. मी तिथे जाते आणि मला तो आवडतो, खोटं कशाला बोलू? आजीला हाताला धरून चालता येतं, बाळाची गाडी ढकलता येते. त्याआधी इथे चालणं म्हणजे कसरत होती असं जुनी माणसं सांगतात. फुटपाथ हा चालणाऱ्याचाही आहे, हे विसरून चालणार नाही. आणि आतल्या पक्क्या दुकानदाराचंही ऐकायला हवं. तो भाडं भरतो, मालमत्ता कर भरतो, ट्रेड लायसन्स काढतो, जीएसटीचे रिटर्न भरतो. त्याच्या दारासमोर बसून कोणी तीच क्लिप निम्म्या किमतीत विकली तर त्याच्या पोटात दुखणारच.

म्हणजे प्रश्न सोपा नाही. पण सोपा नाही म्हणून विक्रेत्याला दुसऱ्या मजल्यावर ठेवून विसरून जायचं, हेही उत्तर नाही.

चेन्नईत असं आधीही झालंय. सेंट्रल स्टेशनला लागून मूर मार्केट होतं. जुन्या पुस्तकांपासून पाळीव पक्ष्यांपर्यंत सगळं मिळणारा इंग्रजांच्या काळातला बाजार. १९८५ मध्ये तो जळला. व्यापाऱ्यांना जवळच्या लिली पाँड कॉम्प्लेक्समध्ये गाळे मिळाले आणि जळलेल्या जागेवर रेल्वेची इमारत उभी राहिली. आजही तिथल्या लोकल स्थानकाला लोक 'मूर मार्केट कॉम्प्लेक्स' म्हणतात. बाजार गेला, नाव राहिलं. नव्या कॉम्प्लेक्समधल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा दुकानदार जास्त होते आणि गिऱ्हाईक मी एकटीच.

सगळीच स्थलांतरं फसतात असंही नाही बरं का. जॉर्ज टाउनमध्ये 'कोतवाल चावडी' नावाची भाजी मंडई होती. आहेत की नाही दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे! अरुंद गल्ल्या, हातगाड्या, ट्रक, चिखल, सगळा गोंधळ. १९९६ मध्ये तो घाऊक बाजार कोयंबेडूला हलवला आणि तो चालला, नुसता चालला नाही, प्रचंड वाढला. का चालला? माझ्या मते, कारण घाऊक गिऱ्हाईक ठरवून येतं. त्याला शंभर किलो टोमॅटो घ्यायचेच असतात. बाजार जिथे जाईल तिथे तो टेम्पो घेऊन जातो. त्याला ट्रक उभा करायला जागा हवी होती, ती मिळाली. क्लिप विकणाऱ्या बाईचं गिऱ्हाईक असं तिच्या मागे येत नाही. एकच उपाय दोघांना लावता येत नाही, एवढं साधं गणित आहे. पण सरकारी फायलीत दोघांचं नाव एकच असतं, 'पुनर्वसन'.

आता कर्जाकडे येऊ, कारण सध्या सगळ्यात जास्त जाहिरात त्याची असते.

२०२० चा लॉकडाउन आठवा. रस्ते बंद, म्हणजे रस्त्यावर विकणाऱ्याची चूल बंद. त्या वर्षी १ जूनला केंद्र सरकारने 'पीएम स्वनिधी' योजना आणली. काहीही गहाण न ठेवता १०,००० रुपयांचं कर्ज. वेळेवर फेडलं की २०,०००, तेही फेडलं की ५०,०००. व्याजात ७ टक्के सवलत. क्यूआर कोडने पैसे घेतले तर थोडा कॅशबॅक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिला हप्ता १५,०००, दुसरा २५,००० केला. ही योजना चांगली आहे, असं मी अगदी मोकळेपणाने म्हणेन. सकाळी हजार रुपये घेऊन संध्याकाळी अकराशे फेडणारी माणसं आपल्या आसपास आहेत. त्यांच्या दृष्टीने बँकेचं कर्ज म्हणजे सावकाराच्या तावडीतून सुटका.

आमच्या भागात देवळाबाहेर एक फूलवाली अक्का बसते. (हो, तमिळमध्येही मोठ्या बहिणीला अक्का आणि मोठ्या भावाला अण्णाच म्हणतात. मराठी माणसाला इथे निम्मी नाती आयतीच मिळतात.) ती मल्लीपू, म्हणजे मोगऱ्याचे गजरे विकते. गजरा मोजायचं माप 'मुळम', कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. आपला हातच की तो! वजनमापवाल्या साहेबांनी हे माप कसं तपासायचं हे मला अजून कळलेलं नाही. अक्काचा हात लहान आहे, हे मात्र मी तिला दर शुक्रवारी सुनावते.

अक्काने पहिलं कर्ज घेतलं, फेडलं. दुसरं घेतलं, फेडलं. तिच्या टोपलीशेजारी क्यूआर कोडचा स्टँड आहे, त्यातून पैसे आल्याची घोषणा तमिळमधून होते. सरकारी जाहिरातीत फोटो छापावा अशी ती आदर्श लाभार्थी आहे. मग रस्त्याचं काम निघालं. पत्रे उभे राहिले. तिला चाळीसेक पावलं पलीकडे, वळणाच्या आत सरकायला सांगितलं. चाळीस पावलं म्हणजे काय, तुम्ही म्हणाल. पण देवळातून बाहेर येणारी माणसं उजवीकडे वळतात आणि अक्का आता डावीकडे आहे.

मी तिला विचारलं, "अक्का, तिसरं कर्ज घेणार का?"

ती म्हणाली, "कशाला मा? पन्नास हजाराची फुलं आणून कुठे ठेवू? कर्ज नको म्हणत नाही मी. पण आधी बसायला जागा दाखव, मग पैसे दे."

एवढंच बोलून ती गजरा बांधायला लागली. पण मला त्या दिवसापासून हा विषय सुटेना.

कारण कायद्यात तिच्या म्हणण्याला उत्तर आहे! आणि ते उत्तर मिळवण्यात आपल्या महाराष्ट्राचाही हात आहे. १९८५ मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, तेव्हा फेरीवाला क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र ही कल्पना पुढे आली. १९८९ मध्ये दिल्लीच्या सोदन सिंग प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की रस्त्याच्या कडेला विकणं हा व्यवसायाच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. त्यावर वाजवी बंधनं घालता येतील, पण तो हक्क आहे. मग ९ सप्टेंबर २०१३ चा महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनचा निकाल. मुंबईच्या फेरीवाल्यांनी लढलेल्या या प्रकरणात न्यायालयाने देशभरासाठी आदेश दिले की कायदा होईपर्यंत २००९ चं राष्ट्रीय धोरण पाळा आणि शहरोशहरी विक्रेत्यांच्या समित्या करा. काही महिन्यांत संसदेने कायदा केला. पथविक्रेता कायदा २०१४, लागू १ मे २०१४ पासून. महाराष्ट्र दिन! योगायोगच, पण मला उगाच बरं वाटलं.

हा कायदा एकदा शांतपणे वाचा असं मी सगळ्यांनाच सांगेन, पण कोणी वाचणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून मोजकं सांगते.

शहरात दर पाच वर्षांनी तरी विक्रेत्यांची पाहणी व्हायला हवी. त्यात सापडलेल्या विक्रेत्यांना, वॉर्ड किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत, जागा द्यायची. पाहणी होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही उठवायचं नाही. ठरवणार कोण? नगर पथविक्रेता समिती. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया. हलवायचंच असेल तर ३० दिवसांची नोटीस. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तर कायद्याच्या शेवटी, परिशिष्टात दडली आहे. स्थलांतर शक्यतो टाळावं. ते करावंच लागलं तर विक्रेत्यांना नियोजनात घ्यावं आणि त्यांची कमाई सुधारेल, किंवा निदान आधीइतकी राहील, असं बघावं. जिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ बाजार भरतोय तो 'वारसा बाजार' धरावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये.

आधीइतकी कमाई! पांडी बाजारची इमारत या कायद्याच्या आधीची. पण आज तिला या एका वाक्याने मोजलं तर काय दिसेल? इमारतीत गाळे किती, विजेचे दिवे किती, हे मोजणं सोपं असतं. त्या गाळ्यात बसलेल्या बाईच्या पेटीत रात्री किती पैसे आहेत, हे कोण मोजतं?

समुद्रावरही हेच चालू आहे. मरीना बीचवर पूर्वी सुंडल, बज्जी, भाजलेली कणसं विकणाऱ्या गाड्यांची दाटी असायची. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातलं, महापालिकेने एकसारख्या नव्या गाड्या बनवल्या आणि २०२१ च्या जानेवारीत ९०० गाड्यांसाठी सोडत काढली. दिसायला व्यवस्थित, कचरा कमी, समुद्र दिसतो. ज्याचं नाव निघालं त्याची भीती गेली. ज्याचं नाही निघालं त्याचं काय, हा प्रश्न वाळूत तसाच राहतो. तरी मला ही पद्धत पांडी बाजारपेक्षा बरी वाटते, कारण निदान विक्रेता समुद्रावरच राहिला.

आता नियमांबद्दल. 'सरकारने छोट्यांना नियम लावूच नयेत' असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. 'म्हातारीचे केस' आठवतात ना? जत्रेत मिळणारी ती गुलाबी कापसाची मिठाई. इथे तिला 'पंजू मिठाई' म्हणतात. २०२४ च्या फेब्रुवारीत आधी पुदुच्चेरीने आणि मग तमिळनाडूने ती विकण्यावर बंदी घातली. तपासणीत त्या गुलाबी रंगात रोडामाइन-बी सापडलं होतं, कापड आणि कागद रंगवायचं रसायन. मुलांच्या पोटात ते जाता कामा नये, यात वाद नाही. पण मरीनावर काठीला पिशव्या टांगून फिरणारी मुलं, बहुतेक उत्तरेकडून आलेली, त्यांचा रंग काही त्यांनी घरी बनवला नव्हता. तो कोणीतरी विकला, कोणीतरी त्यांना दिला. हातात पिशवी मात्र त्यांच्या होती, म्हणून दंड त्यांना. 'हा रंग चालेल, इथे मिळेल, हे प्रमाणपत्र घ्या' असं त्याच दिवशी सांगितलं असतं तर?

दुसरीकडे पिशव्यांचं बघा. तमिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदा वापरून फेकायच्या १४ प्रकारच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. नुसती बंदी घालून झालं नाही, तर २०२१ च्या डिसेंबरमध्ये 'मीण्डुम मंजप्पै' मोहीम निघाली. म्हणजे 'पुन्हा पिवळी पिशवी'. इथे लग्नात पाहुण्यांना तांबूल द्यायची पिवळी कापडी पिशवी असते. मधल्या काळात तीच हातात दिसली की माणूस खेडवळ म्हणून लोक हसायचे. सरकारने तिलाच परत मान दिला. कोयंबेडूच्या बाजारात यंत्र बसवलं, दहा रुपये टाका, पिशवी घ्या. प्लास्टिक अजूनही दिसतं, नाही कशाला म्हणू? पण इथे 'हे नको' म्हणताना 'मग हे घे' असंही म्हटलं गेलं. ज्या नियमासोबत पर्याय येतो तो भाजीवालीला धाक वाटत नाही.

आणि एक नियम तर जागेचाच आहे, पण आतल्या माणसांसाठी. टी. नगरच्या मोठमोठ्या कापड दुकानांत सेल्सगर्ल दिवसभर उभ्या असतात, हे तुम्ही पाहिलं असेल. साडीचे ढीग दाखवताना हसत असतात, पण पाय सुजलेले असतात. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तमिळनाडूने दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली की प्रत्येक दुकानात कर्मचाऱ्यांना बसायची सोय हवी. केरळने हे २०१८ मध्येच केलं होतं. एका स्टुलाएवढी जागा, आणि त्यासाठी विधानसभेत विधेयक आणावं लागलं! पुढच्या वेळी साडी घ्यायला जाल तेव्हा काउंटरमागे स्टूल आहे का ते जरा वाकून बघा. नसेल तर मालकाला विचारा. गिऱ्हाईकाने विचारलेलं मालकाला जास्त ऐकू येतं.

आता तुमच्यासाठी कामाचं. तुमच्या घरात, नात्यात, ओळखीत कोणी हातगाडी लावत असेल, फुलं, भाजी, वडापाव विकत असेल, तर पुढचं त्यांना वाचून दाखवा. आपल्याकडची मुलं मोबाईलवर भराभर फॉर्म भरतात, त्यांना या कामाला लावा.

पहिलं, पाहणीत नाव लागलंय का आणि विक्रीचं प्रमाणपत्र, ओळखपत्र मिळालंय का, हे महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात विचारा. नसेल तर शिफारसपत्रावरही स्वनिधीचं कर्ज मिळू शकतं, पण शिफारसपत्र म्हणजे जागेचा हक्क नव्हे. कर्ज मिळालं म्हणजे आपण 'अधिकृत' झालो, असा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. दोन कागद वेगळे आहेत. खाण्याचं काही विकत असाल तर अन्नसुरक्षा विभागाच्या नोंदणीचंही विचारून घ्या.

समितीची निवडणूक लागली तर मत द्या. हे ऐकून लोक हसतात, 'आमचं कोण ऐकतंय' म्हणतात. पण गाडी कुठे लागेल हे ज्या टेबलावर ठरतं तिथे आपली चार माणसं असणं आणि नसणं यात फरक आहे. बायकांनी तर उभंच राहावं, जागा राखीव आहेत.

आणि माल उचलून नेला तर? घाबरून, रडून, हातापाया पडून सोडवायचा प्रयत्न बहुतेक जण करतात. कायदा सांगतो की जप्त केलेल्या मालाची यादी करून, सही करून, त्याची प्रत विक्रेत्याला द्यायला हवी. ती मागा. मिळाली की लगेच फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, म्हणजे हरवणार नाही. नियमाप्रमाणे फी भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल दोन कामाच्या दिवसांत परत मिळायला हवा. फुलं, भाजी, फळं, मासे नाशवंतात येतात. अक्काला मी हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे तमिळमध्ये लिहून देशील?" माझं तमिळ दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतंच आहे, म्हणून ऑफिसमधल्या मैत्रिणीला पकडून लिहून घेतलं. तो कागद आता क्यूआर कोडच्या स्टँडमागे दुमडून ठेवलेला असतो.

तुमच्या गावात असं काही झालंय का? बाजार हलवला आणि चालला, किंवा हलवला आणि ओस पडला? सोलापूर, बेळगाव, नाशिक, पणजी, कुठलंही गाव चालेल. तिथे गिऱ्हाईक कुठून कुठे चालत जायचं आणि आता कुठून जातं, तेवढं मला कळवा. पुढच्या वेळी मी कोयंबेडूच्या फूलबाजारात पहाटे तीनला जाणार आहे, अक्काच्या मोगऱ्याचा भाव ठरतो तिथे. झोप आली तरी लिहीन!